जकात लावा साहेब, पण डब्यावर छापा! कुडाळच्या गॅरेजमधून खुलं पत्र

प्रति,
अर्थ मंत्रालय आणि वाणिज्य मंत्रालय, नवी दिल्ली
(आणि वेळ असेल तर गाडी कंपन्यांच्या साहेबांनीपण वाचा, तुमचाही विषय आहे)

सा. न. वि. वि.

मी कुडाळला हायवेच्या कडेला गॅरेज चालवतो. अर्थशास्त्र वगैरे शिकलेलो नाही, आयटीआय झालंय, आणि पंचवीसेक वर्षं गाड्यांच्या खाली झोपून काढलीयत. त्यामुळे पत्रात कुठे सरकारी भाषा चुकली तर सांभाळून घ्या.

पत्र लिहायचं कारण म्हणजे एक गाडी. गेले सात आठवडे ती माझ्या अंगणात फणसाखाली उभी आहे. वेंगुर्ल्याकडच्या एका रिटायर्ड गुरुजींची. गुरुजींचे गुडघे गेले, क्लच दाबवत नाही म्हणून त्यांनी सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली, परदेशी कंपनीची, सहा वर्षं वापरलेली, साडेतीन लाखाला. वर्षभर छान चालली. मग एक दिवस पिंगुळीच्या पुढे गिअरच पडेना, टो करून माझ्याकडे आणली, स्कॅनर लावला तर गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट, म्हणजे गिअर बदलायचं काम बघणारा इलेक्ट्रॉनिक डबा, गेलेला. रिपेअर होत नाही, आख्खा बदलावा लागतो, आणि तो भारतात बनत नाही. बाहेरून येतो. कोटेशन मागवलं, ८६ हजार.

मी गुरुजींना फोनवर आकडा सांगितला तर पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, "मिस्त्रीनू, गाडी मी साडेतीन लाखाक घेतलंय. ह्या एका डब्याक शहाऐंशी हजार कित्याक? आत सोना भरलेला आसा काय?"

ह्या 'कित्याक'चं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी कोल्हापूरच्या पार्टवाल्याला विचारलं. तो म्हणाला कस्टम. कस्टम म्हणजे किती? ते माहीत नाही, वरूनच तसा येतो. वरच्याला विचारलं, तो म्हणाला कस्टम, डॉलर, आणि कंपनीचा रेट. पण किती किती? भाऊ, तुला पार्ट हवाय की हिशोब हवाय, असं म्हणून त्याने फोन ठेवला. बरोबर आहे त्याचं, दिवसाला शंभर फोन येत असतील. पण साहेब, गिऱ्हाईकाच्या समोर मी उभा असतो, तो नसतो, आणि गिऱ्हाईकाला वाटतं मिस्त्रीनेच मधे खाल्ले. म्हणून मग रात्री जेवण झाल्यावर मोबाईल घेऊन मीच शोधायला बसलो, आणि जे कळलं त्यावरून हे पत्र.

आधी साधा हिशोब. गाडीच्या बऱ्याचशा पार्टवर, म्हणजे गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन असल्या मालावर, कस्टम ड्युटी १५ टक्के आहे. २०१८ च्या बजेटआधी ती साडेसात, दहा अशी होती, ती वाढवून १५ केली. त्या ड्युटीवर परत १० टक्के समाजकल्याण अधिभार. आणि हे सगळं मिळून जी रक्कम होते तिच्यावर जीएसटी, म्हणजे टॅक्सवर टॅक्स. समजा एक पार्ट न्हावाशेवाला ४० हजाराला उतरला. ६,००० ड्युटी, ६०० अधिभार, झाले ४६,६००. त्यावर १८ टक्क्याने ८,३८८. म्हणजे ५४,९८८. सप्टेंबर २०२५ पर्यंत पार्टवर २८ टक्के होता तेव्हा हाच पार्ट ५९,६४८ ला पडला असता, तो कमी केलात त्याबद्दल मनापासून थँक्यू, उगाच नुसत्या शिव्या द्यायला बसलेलो नाही मी. पण अजून तो पार्ट बंदराच्या गेटमधून बाहेरही पडलेला नाही. पुढे इम्पोर्टर, डिस्ट्रिब्युटर, डीलर, प्रत्येकजण आपलं मार्जिन मूळ ४० हजारावर थोडीच लावणार, तो ड्युटीसकट जो आकडा झाला त्यावर लावणार. म्हणजे ड्युटी ६,६०० ची असली तरी गुरुजींपर्यंत येताना ती अंगाने भरते, आमच्या नदीसारखी, उगमाला बघाल तर उडी मारून पार व्हाल.

आता यात गंमत बघा. बिलावर जीएसटी वेगळा लिहिलेला असतो, सीजीएसटी एवढा, एसजीएसटी एवढा, पैशापर्यंत. कस्टमचा मात्र कुठे उल्लेख नाही. ती किमतीच्या पोटात जाऊन बसलेली. त्यामुळे कंपनी म्हणते सरकारमुळे महाग, सरकार म्हणतं कंपनी जास्त घेते, आणि गुरुजी म्हणतात मिस्त्री चोर.

तुम्ही म्हणाल हा गाडी महाग झाली म्हणून ड्युटीच काढा म्हणायला आलाय. तसं नाहीये. मी कुडाळचा आहे आणि आयात मालावर जकात का लावतात हे कुडाळच्या माणसाला सांगायला लागू नये. १६७१ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी ह्याच कुडाळच्या सरसुभेदाराला, नरहरी आनंदरावांना, पत्र लिहिलं होतं मिठाबद्दल. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं, आपलं संगमेश्वराकडचं महाग, व्यापारी साहजिकच तिकडे वळणार. म्हणून महाराजांनी लिहिलं की बारदेशाच्या मिठावर अशी जबर जकात बसवा की ते इथे येईपर्यंत संगमेश्वराच्या मिठापेक्षा महाग पडेल, म्हणजे उदमी आपल्या बंदरांकडे येतील. साडेतीनशे वर्षांपूर्वी! आत्ता अमेरिका, चीन, युरोप जे करतायत ते एका कागदात मावलेलं आहे. पण त्या पत्रात एक गोष्ट अगदी साफ आहे, कुठलं मीठ, कोणाचं मीठ, आपलं कुठे तयार होतं, फरक किती आणि तो कसा भरून काढायचा. आपले मीठवाले समोर होते, त्यांची मिठागरं समोर होती. गुरुजींच्या गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट बनवणारं संगमेश्वर कुठे आहे साहेब? कोणाला वाचवतोय आपण १५ टक्के लावून? कोणी बनवत असेल तर मला पत्ता द्या, मी उद्या एसटीने जाऊन घेऊन येतो.

आणि जकातीने फायदा होतो हे मी स्वतः बघितलंय, नाही म्हणणार नाही. डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली तेव्हा ती म्हणजे जवळजवळ जपानमधून आलेले पार्ट इथे जोडलेली गाडी होती, किंमत ४७,५०० च्या आसपास. आमचे बाबा तेव्हा अॅम्बेसेडर चालवायचे, सावंतवाडी ते बेळगाव भाडं मारायचे, आंबोली घाटात दर वेळी रेडिएटरमध्ये पाणी ओतायला थांबायचे. ते मारुतीला काड्यापेटी म्हणायचे. पण सरकारने कंपनीच्या मागे लागून लागून पार्ट इथेच बनवायला लावले, आणि मी गॅरेजमध्ये शिकायला लागलो तोपर्यंत ८०० चा प्रत्येक नट कुडाळच्या दुकानात मिळत होता, ओरिजनल पाहिजे तर ओरिजनल, लोकल पाहिजे तर लोकल. आजही ८०० घेऊन कोणी आला तर मी संध्याकाळपर्यंत हातात देतो. ह्याला म्हणतात जकातीचं चीज झालं.

पण त्याच्या आधीचीही गोष्ट आहे ना. अॅम्बेसेडर आणि पद्मिनी. बाहेरची गाडी आत येऊच दिली नाही, नुसती ड्युटी नाही तर दारच बंद, आणि आतल्यांनी काय केलं? काहीच नाही. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे, मिळेल ती गाडी घ्यायचे आणि तिचा दरवाजा लागत नाही म्हणून दोरीने बांधायचे. बाबांच्या गाडीला मागच्या डाव्या दरवाजाला सुंभ बांधलेला होता, भाड्याला बसणाऱ्याला आधी सांगायला लागायचं की ह्या बाजूने उतरू नका. ते अॅम्बेसेडरचं मॉडेल २०१४ पर्यंत चाललं! तेव्हा जकात एकच, पण एकीकडे मारुती उभी राहिली आणि दुसरीकडे सुंभ. माझ्या मते फरक एवढाच की मारुतीच्या वेळी कोणीतरी विचारत होतं, यंदा किती पार्ट इथे झाले, पुढच्या वर्षी किती.

आता आख्ख्या गाडीवरच्या ड्युटीबद्दल. हे वाचताना मला खरंच हसायला आलं. ४० हजार डॉलरच्या वरची तयार गाडी आणायची तर १०० टक्के ड्युटी आणि वर अधिभार, मिळून ११०. २०२५ च्या बजेटमध्ये बातमी आली, ड्युटी १०० वरून ७० वर! टीव्हीवर काय ती चर्चा. आणि त्याच बजेटमध्ये त्याच गाडीवर ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा सेस लावलेला. सत्तर आणि चाळीस किती झाले? परत एकशेदहा. आमच्याकडे मासळी बाजारात कोलीण पण इतक्या सफाईने वाटा लावत नाही हो, वरून एक पापलेट काढायचं आणि खालून दुसरं सरकवायचं. ५० लाखाची गाडी आली तर ५५ लाख ड्युटी, झाले एक कोटी पाच लाख, त्यावर ४० टक्के जीएसटी म्हणजे ४२ लाख, एक कोटी सत्तेचाळीस. मला ह्या लोकांचं फार दुःख नाही. ज्याला ५० लाखाची घ्यायची तो दीड कोटीचीपण घेतो, आणि शेतीला चार पैसे जात असतील तर जाऊदेत.

मला खटकतं ते वेगळंच. सवलत द्यायची वेळ आली की ती कुठून सुरू होते ते बघा. मार्च २०२४ मध्ये इलेक्ट्रिकची पॉलिसी आली, कंपनीने ४,१५० कोटी गुंतवायचं कबूल केलं तर तिला वर्षाला ८ हजार गाड्या १५ टक्के ड्युटीने आणायला परवानगी, आणि गाडी ३५ हजार डॉलरच्या वरचीच पाहिजे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी करार झाला, तिथल्या गाड्यांची ड्युटी शंभराच्या वरून हळूहळू १० वर, कोट्यामध्ये. जानेवारी २०२६ मध्ये युरोपशी बोलणी पूर्ण झाली, त्यातपण ११० वरून टप्प्याटप्प्याने १०, वर्षाला अडीच लाख गाड्यांचा कोटा. चांगलं आहे, मी विरोधात नाही, छोट्या गाड्या यातून राखून ठेवल्यात हेपण मला समजतं, शेवटी त्या गाड्यांवर लाखो कामगार जगतात. पण एक साधी गोष्ट सांगा. जर्मनीहून आख्खी मोठी गाडी १० टक्क्याने येणार असेल आणि करारात नसलेल्या देशातून येणारा जुन्या गाडीचा एक डबा १५ टक्क्यानेच येत राहणार असेल, तर आम्ही काय आख्खी गाडी मागवून त्यातून डबा काढून घ्यायचा?

हसू नका, असले प्रकार झालेले आहेत. अमेरिकेतली गोष्ट आहे. साठच्या दशकात युरोपने अमेरिकेच्या कोंबड्यांवर टॅक्स लावला. अमेरिकेला राग आला, त्यांनी उलट बटाट्याचा स्टार्च, ब्रँडी आणि छोटे ट्रक यांच्यावर २५ टक्के लावला, १९६४ पासून. कोंबडीचं भांडण कधीच मिटलं, पण ट्रकवरचा टॅक्स आजपर्यंत आहे, त्याचं नावच चिकन टॅक्स. आम्ही कोंबडीवडेवाले लोक, कोंबडीवरून भावकीत भांडणं झालेली बघितलीत, पण साठ वर्षं? मग कंपन्यांनी काय केलं, सुबारूने पिकअपच्या मागच्या हौद्यात उघड्यावर दोन सीट ठोकल्या आणि म्हणाले हा ट्रक नाही, माणसं बसायची गाडी आहे. फोर्डने तुर्कस्तान, स्पेनकडून व्हॅन आणल्या त्यात मागच्या सीट लावून, कस्टममधून पास केल्या, आणि अमेरिकेत उतरल्यावर सीट काढून टाकल्या. ते प्रकरण इतकं वाढलं की २०२४ मध्ये फोर्डने ३६.५ कोटी डॉलर भरून मिटवलं. सीट लावायची आणि काढायची मजुरी कोणी दिली? व्हॅन घेणाऱ्या प्लंबरने, दुसरं कोण देणार.

आपल्याकडे पण एक चालू आहे. पार्ट सुटे आणले तर ड्युटी कमी, आणि जोडायला तयार असा आख्ख्या गाडीचा किट आणला तर ३०-३५ पर्यंत. स्कोडा-फोक्सवॅगनला कस्टमने १.४ अब्ज डॉलरची नोटीस काढली की तुम्ही किट आणता आणि सुटे पार्ट म्हणून दाखवता. कंपनी म्हणते पार्टच आहेत, प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. कोण बरोबर ते कोर्ट ठरवेल. पण मिस्त्री म्हणून मला मजा वाटते, की पार्टच्या ढिगाला गाडी कधीपासून म्हणायचं ह्यावर एवढे मोठे वकील उभे आहेत. माझ्या शेडमध्ये एका ओमनीचे पार्ट दोन वर्षं पडलेत, मालक तिला अजून गाडीच म्हणतो, बायको भंगार म्हणते. सांगायचा मुद्दा, दोन रेटमध्ये इतका फरक ठेवलात की डोकं गाडी बनवण्यात न जाता गाडीला नाव काय द्यायचं ह्याच्यात जातं.

बाहेर २०२५ मध्ये काय काय झालं तेपण थोडं बोलतो, कारण आरसा समोर असला की आपलं तोंड बरं दिसतं. अमेरिकेने ३ एप्रिल २०२५ पासून बाहेरच्या सगळ्या गाड्यांवर २५ टक्के लावला आणि महिन्याने पार्टवरही. आपल्या टाटांच्या जग्वार लँडरोव्हरने एप्रिलमध्ये अमेरिकेला गाड्या पाठवणंच थांबवलं, मग ब्रिटनने बोलून एक लाख गाड्यांपुरतं १० टक्क्यांवर आणलं. टोयोटाने वर्षभराचा फटका १.४ लाख कोटी येन धरला. आणि मजा म्हणजे हे सगळं ज्या अमेरिकन कंपन्यांना वाचवायला केलं त्यातल्या जनरल मोटर्सला एका तिमाहीत १.१ अब्ज डॉलरचा फटका बसला, कारण तिच्या गाड्या मेक्सिको, कोरियातून येतात. सुरुवातीला कंपन्यांनी अंगावर घेतलं, लगेच किंमत वाढवली नाही, गिऱ्हाईक पळेल म्हणून. पण किती दिवस अंगावर घेणार? सप्टेंबरमध्ये तिथल्या नव्या गाडीची सरासरी किंमत पहिल्यांदा ५० हजार डॉलरच्या वर गेली. सगळं टॅरिफमुळेच असं मी म्हणत नाही, लोक मोठ्या गाड्या घेतात, इलेक्ट्रिक घेतात, तेपण आहे. पण पावसात छत्री उलटी धरली तर पाणी कुठे जाणार ते कळायला हवामान खातं लागत नाही.

आमच्यावर आलं ते २७ ऑगस्टला. इथे घरोघर गणपती बसत होते आणि त्याच दिवशी अमेरिकेने आपल्या बऱ्याच मालावर ५० टक्के चालू केला. कोळंबीवाले, काजूवाले सगळे आरतीला उभे पण डोळे मोबाईलमध्ये. आमच्या गॅरेज लाईनला त्या गणपतीत वेगळीच गंमत, १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार म्हणून भाषण झालं आणि गणपतीला नवीन गाडी घ्यायची म्हणून ठरवलेल्यांनी सगळ्यांनी थांबवलं. चाकरमानी जुन्याच गाड्या घेऊन आले, हायवेच्या खड्ड्यात लिंकरॉड आणि बॉलजॉइंट तोडत तोडत, आणि माझ्या दारात लाईन. मला धंदा झाला, खोटं कशाला बोलू. पण एका भाषणाने लोक सव्वा महिना गाडी घ्यायचे थांबतात, म्हणजे टॅक्स दिसला की माणूस हिशोब करतो. जीएसटी दिसतो म्हणून त्यावर बोंब झाली, आणि बोंब झाली म्हणून तो छोट्या गाडीला १८ वर आला. कस्टम दिसतच नाही तर बोंब कोण मारणार?

एक बाजू अजून सांगायला पाहिजे, नाहीतर पेणचा माझा मेव्हणा मला जेवायला घालणार नाही. तो डोलवीच्या स्टील कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर आहे. एप्रिल २०२५ मध्ये तुम्ही बाहेरून येणाऱ्या पत्र्याच्या स्टीलवर १२ टक्के सेफगार्ड ड्युटी लावली, चीनकडून वगैरे स्वस्त माल येऊन पडत होता म्हणून. मेव्हणा खूश, ओव्हरटाईम चालू राहील. गाडी कंपन्या नाराज, कारण बोनेटपासून डिकीपर्यंत पत्राच आहे. आणि मी मधे. मेव्हण्याची नोकरी वाचायला पाहिजे हे मला मान्य आहे, त्यासाठी माझ्या गिऱ्हाईकाच्या पाट्याला, बंपर ब्रॅकेटला चार पैसे जास्त पडले तर मी समजावून सांगेन. कारण तिथे दाखवायला डोलवी आहे. बोट धरून दाखवता येतं, ही बघा चिमणी, ही बघा माणसं, तुमचे पैसे इथे गेले. आणि ती ड्युटी आली तेव्हा २०० दिवसांची मुदत घालून आली होती, पुढे ठेवायची तर परत बसून विचार करायला लागतो. मला जे म्हणायचंय ते हेच, पार्टवरच्या १५ ला मुदत कुठे आहे? २०१८ ला वाढवली तेव्हा कोणीतरी म्हटलंच असेल की इथे बनायला लागेल म्हणून वाढवतोय. मग काय काय बनायला लागलं, काय नाही, ज्याचं नाही त्याची ड्युटी कमी करून टाका, ज्याचं झालंय त्याची ठेवा. दर तीन वर्षांनी एक यादी. २०२४-२५ मध्ये आपण साधारण २२.९ अब्ज डॉलरचे पार्ट बाहेर पाठवले आणि २२.४ अब्जचे आणले, म्हणजे आपण काय लेचेपेचे नाही, जगाला पार्ट देतो. तर मग कुठला माल आपल्याला येतो आणि कुठला येत नाही हे तुमच्या कस्टमच्या कॉम्प्युटरात कोडनंबरसकट पडलेलं असणार, फक्त काढून बघायचंय.

आणि अदलाबदल करायची सवय तुम्हाला आहेच की. २००७ साली अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं आणि आपण हार्ले डेव्हिडसनला. आमचा हापूस विमानात आणि त्यांची फटफटी बोटीत. त्या फटफटीवरची ड्युटी मग २०१८ मध्ये ५० वर आणली, २०२५ मध्ये १६०० सीसीच्या वरच्यांना ३० केली. माझ्या गॅरेजला आयुष्यात एकच हार्ले आली, गोव्याला चाललेल्या माणसाची, चेनमध्ये हवा भरायला, म्हणजे टायरमध्ये, बघा त्या आवाजाने माझं लिहितानापण चुकतंय. एक फटफटी जिचे गिऱ्हाईक अख्ख्या देशात मोजके, तिच्यासाठी इतक्या वेळा फाईल हलली. मग ज्या पार्टवर रिक्षा, इको, बोलेरो, म्हाताऱ्या गुरुजींची ऑटोमॅटिक चालते त्याची फाईल कधी हलणार? आमच्या बाजूने व्हाईट हाऊसमधून फोन येणार नाही म्हणून का?

तर माझी मागणी छोटी आहे. बाहेरून आलेल्या पार्टच्या डब्यावर आत्ताही स्टिकर लागतो. कुठल्या देशातून आला, इम्पोर्टरचं नाव पत्ता, महिना, एमआरपी. त्याच स्टिकरवर अजून एक ओळ घाला, कस्टम ड्युटी इतके टक्के. कंपन्या म्हणतील आमची खरेदी किंमत उघडी पडेल, ठीक आहे, रुपये नका छापू, टक्के छापा. शाई किती लागते त्याला. मग मी गुरुजींच्या हातात डबा देऊन सांगू शकेन, गुरुजीनू, एवढे दिल्लीचे, राहिलेलं ज्यांच्याकडून घेतलं त्यांना विचारा, माझी फिटिंगची मजुरी २,२०० ती मला द्या. आणि कंपन्यांच्या साहेबांनो, तुम्हालापण ह्याचा त्रास का व्हावा? तुमचं मार्जिन सरळ असेल तर तुमचंच नाव स्वच्छ होईल, आत्ता सगळी पापं कस्टमच्या नावावर खपतात म्हणून ओळ नको असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं, जी गाडी विकताय तिचे पार्ट किती वर्षं देणार आणि त्यातले बाहेरून येणारे कुठले ते विकतानाच कागदावर द्या. सेकंडहँड घेणाऱ्यालापण कळूदे. गुरुजींना कोणी सांगितलं असतं की या गाडीचा गिअरबॉक्स बोटीने येतो, तर त्यांनी रिक्षा लावली असती महिन्याची, गुडघ्यालापण बरं.

पत्र लांबलं, माफ करा, लाईट गेली होती आणि काम थांबलेलं होतं. गुरुजींनी शेवटी परवा पैसे पाठवले, पोस्टातली एफडी मोडून, ऑर्डर टाकलीय, तीन ते पाच आठवडे लागतील म्हणालेत. तोपर्यंत गाडी फणसाखालीच आहे. वरून ताडपत्री घातलीय, बॅटरी काढून ठेवलीय, आणि कालपासून शेजारणीची कोंबडी पुढच्या चाकामागे अंड्यांवर खुडूक बसलीय. तिला उठवायचं नाही असं शेजारणीने बजावलंय. एकवीस दिवस. बघूया आधी पिल्लं बाहेर येतात की डबा कस्टममधून.

आपला,
एक गॅरेजवाला
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग